पासवर्डांचं फोल्डर: कमांड लाइनवरचा ‘पास’ आतून कसा चालतो

टर्मिनलवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे कधी ना कधी एक टेक्स्ट फाइल असते. नाव काहीतरी साळसूद, ‘नोंदी’ किंवा ‘जुनं’, आणि आत सगळे पासवर्ड उघडेवाघडे. माझ्याकडेही होती. ती लपवायची म्हणून मी तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब दिलं होतं; फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला दिसली नाही म्हणजे जगात कुणालाच दिसणार नाही, असा त्यामागचा भाबडा हिशेब. आता जे साधन मी वापरतो ते खरं तर त्या फाइलचंच शहाणं भावंड आहे. सगळं अजूनही साध्या फाइलींतच असतं, फक्त प्रत्येक फाइलीला कुलूप असतं.

साधनाचं नाव ‘पास’. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते २०१२ मध्ये आणलं. पुढे वायरगार्ड हे व्हीपीएन लिहिणारे तेच. पूर्ण प्रोग्राम म्हणजे हजार ओळींच्या आत बसणारी एक बॅश स्क्रिप्ट, टर्मिनलमधल्या आज्ञांचीच एक फाइल. एवढ्याशा जागेत एन्क्रिप्शन, शोध, आवृत्त्यांचा इतिहास आणि दुसऱ्या मशीनवर नेण्याची सोय मावते कशी? मावत नाहीच. पास यातलं जवळपास काहीही स्वतः करत नाही. कुलूप लावायचं काम जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामचं, मांडणी फोल्डरांची, इतिहास फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटचा, कॉपी करायचं काम क्लिपबोर्डच्या साधनाचं. पास हा नुसता मुकादम. म्हणूनच त्यात काही अडलं की खरा दोष बहुतेक वेळा या कामकऱ्यांपैकी एकाकडे सापडतो, आणि म्हणूनच त्यांची ओळख असणं भाग आहे.

एक सूचना आधीच: आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. इथे त्या आपण बोलताना उच्चारतो तशा लिहिल्या आहेत.

आधी मांडणी बघू. होम फोल्डरमध्ये ‘पासवर्ड-स्टोअर’ नावाचं, टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर असतं. त्यात तुम्हाला हवी तशी उपफोल्डरं करायची: मेल, बँक, सर्व्हर, काहीही. प्रत्येक पासवर्डची एक वेगळी फाइल, तिच्या नावाचा शेवट ‘डॉट जीपीजी’. नुसतं ‘पास’ एवढंच टाइप केलं की हे सगळं झाड फांद्यांसकट पडद्यावर येतं. यात डेटाबेस नाही, खास फॉरमॅट नाही. फाइलचं नाव बदलायचं असेल तर ‘पास एमव्ही’, काढून टाकायची तर ‘पास आरएम’. फाइलींसाठी रोज वापरतो त्याच आज्ञा, पुढे फक्त पास.

फाइलीच्या आत काय लिहायचं यालाही नियम असा एकच: पहिली ओळ पासवर्डची. त्याखाली काहीही लिहा. युजरनेम, साइटचा पत्ता, सुरक्षा प्रश्नांची उत्तरं (ती खरी देऊ नयेत असं माझं मत; वाटेल ती अक्षरं टाकावीत आणि ती इथेच ठेवावीत). पास पहिल्या ओळीलाच पासवर्ड मानतो, बाकीच्या मजकुराशी त्याला देणंघेणं नाही.

आता कुलूप. जीपीजी ज्या पद्धतीने चालतं तिथेच नवखे सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून इथे जरा थांबू.

जीपीजीमध्ये तुमच्या नावाने किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक सार्वजनिक, एक खासगी. नाव दोन्हींना किल्ली असलं तरी सार्वजनिक किल्ली खरं तर दाबलं की बंद होणाऱ्या कुलपासारखी वागते. ती कुणाच्याही हातात असली तरी बिघडत नाही, कारण तिने फक्त बंद करता येतं. उघडायला खासगी किल्लीच लागते. ‘पास इनिट’ ही आज्ञा एकदाच द्यायची आणि पुढे आपल्या किल्लीची ओळख सांगायची. ती ओळख फोल्डरातल्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवली जाते. त्यानंतर प्रत्येक नवा पासवर्ड त्या कुलपाने बंद होतो.

यातून एक गोष्ट घडते, जी पहिल्यांदा बघताना विचित्र वाटते. तुम्ही नवा पासवर्ड साठवता तेव्हा पास तुमची पासफ्रेज (किल्ली उघडणारा लांब, अनेक शब्दांचा पासवर्ड) विचारतच नाही. ‘हे सुरक्षित आहे ना?’ अशी शंका येणं साहजिक आहे. पण साठवणं म्हणजे कुलूप दाबणं, त्याला खासगी किल्ली लागत नाही. बघायला जाल तेव्हा मात्र पासफ्रेज द्यावी लागते, कारण खासगी किल्ली स्वतःच त्या पासफ्रेजने बंद करून डिस्कवर ठेवलेली असते.

आणखी एक पदर आहे. जीपीजी तुमचा मजकूर थेट सार्वजनिक किल्लीने बंद करत नाही. दर वेळी ते एक नवी, एकदाच वापरायची किल्ली बनवतं, मजकूर तिने बंद करतं आणि मग ती छोटी किल्ली तुमच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून त्याच फाइलीत ठेवतं. याचा फायदा गटात काम करताना दिसतो. एकच फाइल चौघांना उघडता यायला हवी असेल तर मजकूर चारदा बंद करावा लागत नाही, ती छोटी किल्ली तेवढी चार कुलपांत चार वेळा ठेवली जाते.

पासफ्रेज दर वेळी टाइप करायचा कंटाळा येऊ नये म्हणून जीपीजी-एजंट नावाचा एक प्रोग्राम मागे चालू असतो. एकदा पासफ्रेज दिली की तो किल्ली काही काळ मेमरीत उघडी ठेवतो. मूळ सेटिंग असं: शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद, आणि तुम्ही सतत वापरत राहिलात तरी जास्तीत जास्त ७२०० सेकंद, म्हणजे २ तास. याचा अर्थ नीट समजून घ्या. या काळात तुम्ही पडदा लॉक न करता उठून गेलात तर जो कुणी खुर्चीत बसेल त्याला पास पासफ्रेज न विचारता सगळं दाखवेल. जीपीजीचं गणित कितीही भक्कम असो, उघड्या टर्मिनलपुढे ते हतबल आहे.

पासफ्रेज मात्र लक्षात ठेवायची, कारण ती पासच्या पेटीत ठेवणं म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करणं. यासाठी मला डाइसवेअरची पद्धत आवडते. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी ती १९९५ मध्ये मांडली. फासा ५ वेळा टाकायचा, आलेल्या ५ आकड्यांवरून ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, आणि असे ६ शब्द जुळवायचे. प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिट भर घालतो (एक बिट वाढला की अंदाज लावणाऱ्याचं काम दुप्पट), म्हणजे ६ शब्दांचे ७७ बिटांहून जास्त. पासफ्रेज तपासण्याचं काम जीपीजी मुद्दाम संथ करतं, त्यामुळे अंदाज लावत बसणाऱ्याची अजून दमछाक होते. शब्द फाशाने निवडले पाहिजेत, एवढंच पथ्य. ‘मला सुचलेले सहा शब्द’ आणि ‘फाशाने दिलेले सहा शब्द’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

रोजचा वापर यानंतर अगदी थोडक्यात सांगता येतो. ‘पास इन्सर्ट’ आणि पुढे नाव, म्हणजे हातातला पासवर्ड साठवला. ‘पास जनरेट’ आणि नाव, म्हणजे नवा पासवर्ड बनवून साठवला. लांबी सांगितली नाही तर २५ अक्षरांचा. अक्षरं, अंक आणि चिन्हं मिळून ९४ पर्याय धरले तर २५ अक्षरांचे सुमारे १६४ बिट होतात, हे गरजेपेक्षा भरपूर आहे. एखादी साइट चिन्हं घेत नसेल तर उणे एन हा पर्याय लावला की चिन्हं गळतात. नुसतं ‘पास’ आणि नाव दिलं की पासवर्ड पडद्यावर छापला जातो. त्याच्यासोबत उणे सी लावलं तर पडद्यावर काही न येता तो क्लिपबोर्डवर जातो आणि ४५ सेकंदांनी पुसला जातो; आधी तिथे जे होतं ते परत ठेवलं जातं. मी कायम उणे सी वापरतो. पडद्यावर छापलेला पासवर्ड टर्मिनल वर सरकवून कितीतरी वेळाने वाचता येतो. पण तुमच्या मशीनवर कॉपी केलेल्या मजकुराचा इतिहास जपणारा क्लिपबोर्ड मॅनेजर चालू असेल तर त्या ४५ सेकंदांना काही अर्थ राहत नाही. मूळ क्लिपबोर्ड पुसला जाईल, इतिहासातली नक्कल जागच्या जागी. तो आधी बंद करा किंवा त्याला पासवर्ड वगळायला शिकवा.

जनरेटबद्दल एक खाचखळगा. जुन्या नोंदीचा पासवर्ड बदलायला तुम्ही साधं ‘पास जनरेट’ दिलंत तर तो ‘वर लिहू का?’ असं विचारतो, आणि ‘हो’ म्हटलं की पूर्ण फाइल नवी होते. खालच्या ओळींत लिहिलेलं युजरनेम, बॅकअप कोड, सगळं गेलं. फक्त पहिली ओळ बदलायची असेल तर उणे आय लावायचं. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, हे सांगायला नकोच.

आता तुम्ही म्हणाल, ‘पास इन्सर्ट’ नाव घेतं आणि मग पासवर्ड वेगळा विचारतं, तोही दोनदा आणि न दाखवता. एकाच ओळीत का नाही घेत? कारण कमांड लाइनवर टाइप केलेली ओळ दोन ठिकाणी उरते. एक तर शेलच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत, जी डिस्कवर साध्या मजकुरात पडून असते. दुसरं म्हणजे प्रोग्राम चालू असेपर्यंत त्याची पूर्ण ओळ प्रोसेसच्या यादीत दिसते, आणि अनेक सिस्टिमांवर ती यादी त्याच मशीनवरच्या इतर युजरांनाही बघता येते. ‘पीएस’ ही साधी आज्ञा द्यायचा अवकाश. कमांड लाइनवरच्या कुठल्याही साधनाला पासवर्ड असा ओळीतच द्यायची सवय असेल तर ती आजच मोडा. बॅशमध्ये अशी एक सोय आहे की सेटिंग चालू असल्यास ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडली तर ती हिस्टरीत जात नाही. पण त्याने फक्त पहिली गळती थांबते, दुसरी नाही.

याच कारणाने ‘पास एडिट’ उघडताना तात्पुरती फाइल शक्य असेल तिथे डिस्कवर न बनवता मेमरीतल्या जागेत बनवली जाते. तुमचा एडिटर मात्र आगाऊपणा करू शकतो. बॅकअप, स्वॅप किंवा अनडूची फाइल तो दुसऱ्याच फोल्डरात ठेवत असेल तर उघडा पासवर्ड तिथे जाऊन बसतो. एडिटरची ती सेटिंग एकदा तपासून घ्या.

गिटचा भाग सोपा आहे. ‘पास गिट इनिट’ एकदा दिलं की पुढचा प्रत्येक बदल आपोआप कमिट होतो, म्हणजे इतिहासात नोंदला जातो. दूरच्या मशीनवर ढकलायला ‘पास गिट पुश’ आपणच द्यायचं. फाइली बंद असल्यामुळे गिटचा सर्व्हर दुसऱ्याचा असला तरी पासवर्ड वाचता येत नाहीत.

पासवर्ड वाचता येत नाहीत, नावं येतात. पासबद्दलची ही सर्वांत मोठी तक्रार आणि ती रास्त आहे. फाइलींची आणि फोल्डरांची नावं बंद होत नाहीत. फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची खाती कुठे आहेत, कोणत्या बँकेत, कोणत्या डेटिंग साइटवर, कोणत्या दवाखान्याच्या पोर्टलवर, याची यादीच मिळते. शिवाय गिटमुळे कोणता पासवर्ड कधी बदलला तेही. काहीजण फाइलींना सांकेतिक नावं देतात. मला तो उपाय पटत नाही, कारण सहा महिन्यांनी आपलाच संकेत आपल्याला कळत नाही. नावं लपवणं गरजेचं असेल तर किपासएक्ससी या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचं कमांड लाइन साधन बघा. त्यात सगळी पेटी एकाच बंद फाइलीत असते, नावांसकट. बदल्यात एकेका पासवर्डचा गिटमधला स्वच्छ इतिहास मिळत नाही.

गिटचा दुसरा गुण हाच त्याचा दोष. तो काहीच विसरत नाही. समजा तुमची खासगी किल्ली पासफ्रेजसकट कुणाच्या हाती लागली. तुम्ही घाईने नवी जोडी बनवता, ‘पास इनिट’ला नवी ओळख देता, आणि पास इमानेइतबारे सगळ्या फाइली उघडून नव्या कुलपाने बंद करतो. झालं? नाही. गिटच्या इतिहासात त्याच फाइली जुन्या कुलपासह आहेत आणि चोराकडे त्या कुलपाची किल्ली आहे. गटातून कुणी बाहेर पडल्यावरही असंच होतं: यादीतून नाव काढून फाइली पुन्हा बंद केल्या तरी त्याच्या लॅपटॉपवर कालपर्यंतची पूर्ण नक्कल असते. अशा वेळी कुलूप बदलण्यापेक्षा पेटीतला ऐवज बदलणं हाच उपाय, म्हणजे प्रत्येक खात्यावर जाऊन खरा पासवर्ड बदलायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरी पळवाट नाही.

गटासाठी पास वापरणं त्यामुळे चुकीचं ठरत नाही. उपफोल्डराला वेगळी यादी देता येते, त्यामुळे सर्व्हरचे पासवर्ड पाच जणांना आणि बिलिंगचे दोघांनाच, असं सहज जमतं. एकच काळजी: कोण कोण उघडू शकतं ती यादी साध्या फाइलीत असते. गिटच्या रिपॉझिटरीत (फोल्डर आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्यात) लिहिण्याचा हक्क असलेला माणूस तिथे गुपचूप स्वतःची ओळख घालू शकतो, आणि पुढचे पासवर्ड त्यालाही उघडू लागतात. म्हणून पासमध्ये त्या यादीवर सही मागण्याची सोय आहे. गटात वापरणार असाल तर ती चालू करा.

दुसऱ्या मशीनवर जाताना हमखास अडवणाऱ्या दोन गोष्टी सांगतो, कारण दोन्हींचे संदेश वाचून नेमकं काय झालं ते कळत नाही. पहिली: नव्या मशीनवर किल्ली आयात केली, जुने पासवर्ड उघडतात, पण नवा साठवायला गेलं की ‘ही किल्ली त्याच माणसाची आहे याची खात्री नाही’ अशा अर्थाची तक्रार येते. किल्लीसोबत तिच्यावरचा विश्वास आयात होत नाही. जीपीजीच्या एडिट-की या आज्ञेतून आपल्या किल्लीला ‘अल्टिमेट’ विश्वास द्यायचा, प्रश्न मिटतो. दुसरी: किल्लीची मुदत संपणे. इथेही तसंच चित्र, उघडणं चालू आणि बंद करणं ठप्प. मुदत संपलेली किल्ली मेलेली नसते; खासगी किल्ली हातात असेल तर मुदत वाढवता येते. घाबरून नवी जोडी बनवू नका.

मला टर्मिनल कितीही प्रिय असलं तरी एका बाबतीत ब्राउझरला जोडलेले पासवर्ड मॅनेजर सरस आहेत, हे कबूल करावं लागेल. ते पासवर्ड भरण्याआधी साइटचा पत्ता जुळवतात. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तुम्ही फसलात तरी मॅनेजर फसत नाही, तो गप्प राहतो. उणे सी लावून कॉपी केलेला पासवर्ड मात्र तुम्ही चिकटवाल तिथे चिकटतो. पाससाठी ब्राउझरपास नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते हेच फोल्डर वाचतं आणि पत्ता जुळवतं. रोजच्या वेबसाइटींसाठी ते बसवावं, आणि टर्मिनलमधली आज्ञा सर्व्हर, डेटाबेस, स्क्रिप्ट यांच्यासाठी ठेवावी.

स्क्रिप्टमध्ये तर पासला तोड नाही. पासवर्ड साध्या मजकुरात छापणारी आज्ञा म्हणजे ती दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला जोडता येते. मेल पाठवणाऱ्या एमएसएमटीपीला सेटिंगमध्ये सांगता येतं की पासवर्ड अमुक आज्ञा चालवून घे. तिथे पासची आज्ञा लिहिली की सेटिंगच्या फाइलीत गुपित उरतच नाही, आणि ती फाइल बिनधास्त कुणालाही दाखवता येते. टोकन (प्रोग्रामांनी वापरायचा पासवर्ड) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमध्ये, भरून प्रोग्राम चालवायची पद्धतही आहे. डिस्कवर लिहून ठेवण्यापेक्षा ती बरी, पण त्या प्रोग्रामने सुरू केलेल्या पोटच्या प्रोग्रामांनाही ते व्हेरिएबल वारशाने मिळतं, एवढं ध्यानात असू द्या.

राहिला बॅकअप, आणि इथेच लोक बुडतात. पासवर्डांचं फोल्डर गिटवर आहे म्हणून निर्धास्त राहायचं आणि खासगी किल्ली मात्र एकाच लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर. डिस्क गेली की शेकडो फाइली सुखरूप, आणि त्यातली एकही कधीच उघडणार नाही. तुमची किल्ली जपून ठेवणारी कुठली कंपनी इथे नाही, ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. खासगी किल्ली जीपीजीच्या एक्स्पोर्ट-सिक्रेट-कीज या आज्ञेने बाहेर काढा आणि गिटच्या रिपॉझिटरीपासून दूर, दोन वेगळ्या जागी ठेवा, एक कागदावर छापलेली असेल तर उत्तमच. यूबिकीसारख्या हार्डवेअर किल्लीत ठेवणार असाल तर हलवण्याआधी नक्कल काढा, कारण आत गेलेली खासगी किल्ली पुन्हा बाहेर येत नाही.

नक्कल काढली म्हणजे झालं असंही नाही, ती चालते का ते बघायला हवं. मी हे वर्षातून एकदा करतो. पास बसवलेलाच नाही असं एक कोरं मशीन घेतो, बॅकअपमधली किल्ली आयात करतो, फोल्डर गिटवरून क्लोन करतो (उतरवून घेतो) आणि त्यातली कुठलीही एक फाइल थेट जीपीजीच्या डीक्रिप्ट आज्ञेने उघडतो. पासफ्रेज विचारली जाते, आणि पहिल्या ओळीवर पासवर्ड येतो.